बार्शी लाईटच्या कडेने

कुर्डुवाडी सोडून पंढरपूरकडे निघालं की मोडनिंबच्या आसपास आभाळ फार मोठं वाटायला लागतं. कुठे मुरमाड माळ, मधेच काळ्या रानाची पट्टी, बांधावर बाभळी. पौषात मालदांडी ज्वारी पुरुषभर उभी असते आणि सकाळचं धुकं तिच्या कणसांवर रेंगाळतं. उजनीच्या कालव्यांनी आता बराच भाग हिरवा केला आहे, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात. पण या मुलखाचा मूळ स्वभाव वाट पाहण्याचा. आधी पावसाची, मग गाडीची.

ती गाडी म्हणजे बार्शी लाईट. एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीची ही लाईन आखली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली. १९०६ मध्ये ती पंढरपुरात पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. ज्वारी, डाळी, कापूस, तेलबिया त्या छोट्या डब्यांतून कुर्डुवाडीला यायच्या. तिथे हमाल पोतं न् पोतं पाठीवर घेऊन मोठ्या लाईनच्या डब्यांत चढवायचे. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारने कंपनी ताब्यात घेतली. आमचे आजोबा, आबा, त्याआधी कंपनीचे गँगमन होते. पुढे रेल्वेचे चावीवाले झाले आणि चावीवाले म्हणूनच निवृत्त झाले.

चावीवाल्याचं काम सांगायला सोपं आहे. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवे झेंडे आणि धोक्याचे फटाके, फडक्यात भाकरी-ठेचा. उजाडायच्या आत निघायचं, आपल्या हद्दीतली लाईन एका बाजूने तपासत जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या गाडीच्या हादऱ्याने सुटतात, त्या ठोकायच्या. फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे. उन्हाळ्यात रूळ वाढतात आणि पावसाळ्यात काळी माती फुगून लाईन खालीवर होते, त्यावर नजर ठेवायची. ऊन असो, पाऊस असो, वाट तीच.

आबा डोळ्यांपेक्षा कानाने काम करायचे. सुट्टीत त्यांच्यामागे चालताना ते मला थांबवायचे आणि हातोडा मारून म्हणायचे, "ऐक. घट्ट चावी खणकन बोलती. ढिली आसली की बद्द वाजती. रूळ खोटं बोलत न्हाई, लेकरा." मग तो सगळा माळ त्या आवाजाने भरायचा: हातोडा, थोडी शांतता, पुन्हा हातोडा. मधूनच होला घुमायचा. लांबून इंजिनाची शिट्टी आली की आबा बाजूला होऊन ताठ उभे राहायचे. गाडी पुढे जाईपर्यंत त्यांची नजर चाकांवर असायची. खिडकीतल्या माणसांकडे त्यांनी पाहिलेलं मला आठवत नाही.

त्या गाडीची लोक चेष्टा करायचे. चालत्या गाडीतून उतरावं, दोन पावलं सोबत चालावं आणि पुन्हा चढावं, असं म्हणायचे. आबांना ती चेष्टा कधी लागली नाही. पण आषाढ आला की घरातली हवा बदलायची. जादा गाड्या सुटायच्या, डबे वारकऱ्यांनी भरायचे, टपांवरही माणसं बसायची. टाळ-मृदंगाचा आवाज गाडीच्या आधी यायचा आणि गाडी गेल्यावरही बराच वेळ रानावर राहायचा. त्या दिवसांत चावीवाल्याला सुट्टी नसे. आबा माळकरी होते, पंढरपूर तासा-दीड तासावर होतं आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत आषाढी एकादशीला ते पंढरीत नव्हते. पौर्णिमेचा गोपाळकाला उरकून गर्दी परतली, लाईन मोकळी झाली, की आजीला घेऊन ते जायचे. वाळवंट रिकामं असायचं. आजीने एकदा हळहळ बोलून दाखवली, तर एवढंच म्हणाले, "पोचली की सगळी माणसं नीट."

माणूस आणि त्याची भक्ती यांविषयी मी पुढे बरंच वाचलं. त्या वाक्याच्या पलीकडे मला जाता आलेलं नाही.

१९७२ च्या दुष्काळातल्या गोष्टी आबा क्वचित सांगत. खडी फोडायला गेलेली कुटुंबं लाईनच्या कडेच्या बाभळीखाली टेकायची. आबांच्या फडक्यातली भाकरी तेव्हा संध्याकाळपर्यंत टिकत नसे, हे आजीने सांगितलं; आबांनी नाही.

२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ही सगळी लाईन टप्प्याटप्प्याने रुंद झाली. जुने रूळ उचलले गेले. आबा तोवर थकले होते, पण मोठ्या गाडीचं त्यांना कौतुकच वाटलं. कुर्डुवाडीला आता पोती पाठीवर घ्यावी लागणार नाहीत, हे त्यांनी दोन-तीनदा बोलून दाखवलं. त्यानंतर वर्षभरातच ते गेले.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी निघालं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी होतं. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर: बार्शी लाईटचं एक टोक ते दुसरं टोक. कधीकाळी धान्य वाहण्यासाठी आखलेल्या वाटेने एका शहराला पाणी दिलं. काही ठिकाणी मार्ग बदलला असेल, रूळ नवे असतील. पण मोडनिंबवरून ती गाडी आबांच्या हद्दीतूनच गेली. पिढ्यान् पिढ्या माणसांनी पायी राखलेली वाट संकटात अशी उपयोगी पडते.

काल्थ्रॉपचं नाव रेल्वेच्या इतिहासात आहे आणि ते असायलाच हवं. ज्यांनी ती लाईन रोज चालत जिवंत ठेवली, त्या चावीवाल्यांची, गँगमनची, कुर्डुवाडीच्या हमालांची नावं मात्र फक्त त्यांच्या घरांत उरली आहेत. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज, लातूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी असा एखादा म्हातारा अजून आहे, त्यांनी त्याच्याजवळ बसावं. तो कुठून कुठे चालायचा, काय ऐकायचा, कुणासाठी थांबायचा, हे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं. हे काम आपल्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.