भांडुपची बिलं, वैजापूरचा फिडर

2022 च्या डिसेंबरात वैजापूर तालुक्यात आम्ही गावोगाव पत्रकं वाटत फिरत होतो. वीज कंपन्यांच्या खासगीकरणाविरुद्ध संपाची हाक दिलेली होती. माझी सारी नोकरी लाइनवर गेली, त्यामुळे उपकेंद्राच्या फाटकावरची द्वारसभा मला जड गेली नाही. तिथली निम्मी मंडळी माझ्यासोबत खांबावर चढलेली. पारावरची सभा वेगळी. समोर बसलेला माणूस आदल्या रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटारीवर गेलेला असतो. पत्रक वाचून झालं तसे एक आप्पा उठले. "वायरमनसाहेब, भांडुपात लाईट कोण इकणार, त्याचं मला काय? मला दिवसा लाईट कवा देता, ते सांगा."

प्रश्न बिनतोड होता. घोषणा बाजूला ठेवून मी हिशेब मांडायला बसलो.

भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात वीज देते महावितरण ही सरकारी वितरण कंपनी. तिथे समांतर वितरणाचा परवाना मिळावा म्हणून अदानी समूहातल्या एका कंपनीने वीज नियामक आयोगाकडे अर्ज केला होता. 2003 च्या वीज कायद्यात तशी वाट आहे. हा पट्टा कारखान्यांचा, मॉलचा, वेळेवर बिल भरणाऱ्या सोसायट्यांचा. इथला मोठा ग्राहक पुरवठ्याच्या खर्चापेक्षा जास्त दर भरतो आणि त्या जास्तीच्या पैशातून शेतीपंपाचा दर खाली राहतो. सरकारचं अनुदान त्यावर वेगळं. राज्यात शेतीपंप आहेत 45 लाखांच्या आसपास. भरणारा ग्राहक दुसरीकडे गेला, तर या पंपांसाठी रोहित्रं, खांब आणि मैलोन्‌मैल तारा कोणत्या पैशातून ठेवायच्या?

आप्पांनीच उत्तर दिलं, "म्हंजे दुभती म्हैस त्यानं न्यायची अन् भाकडं आपल्या दावणीला." पुढच्या प्रत्येक गावात मी हेच वाक्य वापरलं, आप्पांचं म्हणून सांगून. आमच्याच जिल्ह्याचं औरंगाबाद शहर 2011 मध्ये खासगी फ्रँचायझीकडे दिलं होतं आणि 2014 मध्ये ते परत घ्यावं लागलं, हे तर लोकांना आमच्याआधी ठाऊक होतं.

पण दिवसाच्या विजेचं काय? तो प्रश्न मी टाळला नाही, कारण स्वच्छ ऊर्जेची सगळी गोष्ट तिथेच सुरू होते. शेतीच्या फिडरला वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला 33/11 केव्ही उपकेंद्रात उभं राहून पाहावं. ऑपरेटर शेतीचा फिडर चालू करतो आणि अँपिअरमीटरचा काटा उसळतो. थंडीत कुणी दोनदा उठायला नको म्हणून घरोघरी ऑटोस्विच लावलेले असतात, त्यामुळे शेकडो मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. कुठेतरी फ्यूज जातो, कुठे रोहित्राचं तेल तापतं आणि अंधारात साप-विंचवाच्या वाटेने कुणाला तरी डीपीवर जावं लागतं. माझी रात्रपाळीची वर्षं यातच गेली.

याच उपकेंद्राजवळ, गावच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहिला आणि त्याची वीज थेट 11 केव्हीच्या शेती फिडरवर सोडली, तर ऊन असेल तेव्हा पाणी भरता येतं. वीज लांबून आणायची नाही, म्हणून गळतीही कमी. पण हे जमतं कशामुळे? उपकेंद्र, फिडर आणि शेतीचा ग्राहक, तिन्ही एका सार्वजनिक कंपनीच्या हाती असतात म्हणून. जिथे नफा नाही तिथे शेतीचा फिडर वेगळा करण्याचा खर्च कोणी खासगी मालक स्वतःहून करील, असं मला वाटत नाही.

3 जानेवारी 2023 च्या मध्यरात्री 72 तासांचा संप सुरू झाला. तीसेक संघटना एकत्र, वर संपबंदीचा मेस्मा कायदा लागलेला. दुसऱ्या दिवशी सह्याद्री अतिथिगृहात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीसांबरोबर बैठक झाली. खासगीकरण करणार नाही, उलट तिन्ही सरकारी वीज कंपन्यांत तीन वर्षांत 50,000 कोटी रुपये गुंतवू, असं त्यांनी जाहीर केलं आणि संप मिटला. पोरांनी गुलाल उधळला. मलाही भरून आलं.

त्याच वर्षी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला आणि 2024 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या धोंदलगावला 3 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. हे मोठं काम आहे आणि मी ते मोकळेपणाने मानतो. माझं भांडण पुढच्या मुद्द्यावर आहे. या योजनेतले प्रकल्प बहुतांशी खासगी विकासक निविदा भरून उभारतात आणि महावितरण त्यांच्याकडून 25 वर्षांच्या कराराने वीज घेते. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे स्वस्तच. पण जमीन सरकारची किंवा गावची, उपकेंद्र महावितरणचं, ग्राहकही महावितरणचा. मग पॅनेलची मालकी तेवढी बाहेर का? सरकारी वीजनिर्मिती कंपनी महानिर्मितीने धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 मध्येच उभारून दाखवलाय. कोयनेची 1,960 मेगावॅट जलविद्युत तर सार्वजनिक पैशावरच उभी राहिली. कौशल्य घरात आहे, कर्जही सरकारी कंपनीला मिळू शकतं. करार संपल्यावर वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या हाती काय उरेल, हे आज ठरतंय.

म्हणून आता आम्ही ग्रामसभांकडे वळलोय. गायरानावर प्रकल्प येणार असेल, तर तो आधी महानिर्मितीला देऊ करावा, असा ठराव आम्ही मागतो. काही गावं हो म्हणतात. काही म्हणतात, प्रकल्प लवकर आणा, मालक कोणी का असेना. त्यांची घाई मला कळते. दुसरी वाट वीज नियामक आयोगाची. आयोगापुढे दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी होते, तिथे कोणताही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. आमची लेखी हरकत तयार आहे आणि तिच्याखाली तरुण तंत्रज्ञांबरोबर शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली आहे.