वास न येणारं रसायन

बाबा कामावरून आले, की आधी वास यायचा आणि मग बेल वाजायची. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते. टोल्युईनचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास त्यांच्या शर्टाला, डब्याच्या पिशवीला, कधीकधी केसांनाही असायचा. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मला तो बाबांचाच वास वाटायचा. तो अंगाला चांगला नाही हे अकरावीत कळलं, तेव्हा राग आला. कुणाचा, ते नीट ठरवता आलं नाही.

२०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. तेलकट, हिरवट थेंब. पुढे २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि आमचं गाव पुन्हा बातम्यांत आलं. त्यामुळे एमएस्सीला ‘ग्रीन केमिस्ट्री’ शिकताना मला आधी तो पाऊसच आठवला. पण त्याच वर्गात आयनिक लिक्विडबद्दल ऐकलं आणि वाटलं, बाबांच्या शर्टाला उत्तर सापडलं.

आयनिक लिक्विड म्हणजे द्रवरूप मीठ. पाण्यात विरघळवलेलं नव्हे, नुसतं मीठच, पण पातळ. आपलं स्वयंपाकघरातलं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. कारण सोडियम आणि क्लोराइड हे दोन्ही आयन लहान, गोल. फळवाल्याच्या गाडीवरच्या संत्र्यांसारखे एकमेकांत घट्ट बसतात. आता त्या संत्र्यांच्या राशीत फणस घुसवून बघा. रास नीट लागतच नाही. एक आयन असा मोठा, वेडावाकडा घेतला, की मीठ शंभर अंशांच्या आतच वितळतं, कधी तर खोलीच्या तापमानालाही पातळ राहतं. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये असं एक मीठ नोंदवलं, ते १२ अंशांवर वितळत होतं. पुढची कित्येक वर्षं हे प्रकरण थोड्याच लोकांपुरतं राहिलं. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकतील अशी आयनिक लिक्विड्स बनवली आणि मग संशोधनाची रांग लागली.

मला भुरळ पडली ती एका गुणाची. ही द्रव्यं जवळजवळ उडतच नाहीत. औषधं बनवताना वापरल्या जाणाऱ्या मालात बरेचदा सगळ्यात जास्त वजन द्रावकाचंच असतं, आणि टोल्युईनसारखं द्रावक हवेत उडतं, पेट घेतं, फुप्फुसांत जातं. जे उडत नाही ते शर्टालाही लागणार नाही. २००२ मध्ये अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने तर आयनिक लिक्विडमध्ये सेल्युलोज विरघळवून दाखवलं. कापसात असतं ते सेल्युलोज, पाण्यात किंवा नेहमीच्या द्रावकांत न विरघळणारं. २००५ मध्ये रॉजर्स यांना अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा अध्यक्षीय पुरस्कार मिळाला. मी पीएचडीला हाच विषय घेतला.

पहिल्या महिन्यात स्वतःच्या हाताने आयनिक लिक्विड बनवलं. मिथाइलइमिडाझोल घ्यायचं, त्यात ब्रोमोब्युटेन थेंबथेंब सोडायचं, गरम करत ढवळत ठेवायचं. खाली जाडसर, मधासारखा थर जमतो. मग तो धुवायचा एथिल अ‍ॅसिटेटने. एकदा, दोनदा, तीनदा. मग रोटावर लावून ते एथिल अ‍ॅसिटेट उडवायचं, मग रात्रभर व्हॅक्युम. शेवटी माझ्या हातात पन्नासेक ग्रॅम ‘हिरवं’ द्रावक होतं आणि सिंकखालच्या वेस्टच्या कॅनमध्ये त्याच्या कितीतरी पट नेहमीचं द्रावक. ब्रोमोब्युटेन कुठून येतं हे शोधत गेले, तर पोचले पेट्रोकेमिकलच्या कारखान्याशी. वहीत उत्पादन किती टक्के मिळालं याला रकाना होता. वेस्टच्या कॅनला नव्हता.

मग ती बाटली सापडली. कपाटात मागे पडलेली, कुणा जुन्या विद्यार्थ्याची. लेबलवर नाव होतं, त्यात शेवटी हेक्साफ्लुओरोफॉस्फेट. मी ती उजेडाकडे धरली. काच आतून दुधी झाली होती, खरवडल्यासारखी. मला वाटलं, मळली असेल. मॅडमना दाखवली, तर त्या म्हणाल्या, “ती आधी हूडमध्ये ठेव. ग्लव्हज होते ना हातात?”

पाणी मिळालं की हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हळूहळू तुटतं आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. तेच काच खातं. कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. त्या दिवशी मॅडमनी कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब कुठे ठेवलेली असते ते आम्हा सगळ्यांना पुन्हा दाखवलं. याबद्दलचा इशारा नंतर मी वाचला. आयनिक लिक्विड्स नेहमीच हिरवी नसतात, असं २००३ मध्ये शोधनिबंधाच्या शीर्षकातच लिहिलं होतं, आणि ते लिहिणारा गट होता रॉजर्स यांचाच. ज्यांनी ही द्रव्यं नावारूपाला आणली, त्यांनीच त्यांच्यावर बोट ठेवलं. मला त्या निबंधाने पुरस्कारापेक्षा जास्त धीर दिला.

घरी जेवताना हे बाबांना सांगितलं. ते आता रिटायर झालेत. बाटलीचं ऐकून ते घाबरले नाहीत, त्यांचं लक्ष दुसरीकडेच गेलं.

“त्याला वास येत नाही म्हणतेस?”

“नाही. म्हणून तर चांगलं.”

“अगं, मग गळती कळणार कशी? आमच्या नाईटला एकदा पंपाचं सील गेलं होतं. मीटरने नाही सांगितलं, नाकाने सांगितलं. आणि ते उडत नाही, तर सांडल्यावर जातं कुठे?”

मी घास तोंडात धरून बसले. जातं पाण्यात. यातली बरीच द्रव्यं पाण्यात सहज मिसळतात, अनेक तर जिवाणूंनाही नीट मोडता येत नाहीत. आयनला जोडलेली कार्बनची साखळी जितकी लांब, तितकी पाण्यातल्या जिवांना ती जास्त विषारी. जो टिकाऊपणा आम्ही निबंधांत गुण म्हणून लिहितो, तोच नाल्यात गेल्यावर दोष होतो. मी हवेचा हिशेब मांडला होता, पाण्याचा नाही. आणि डोंबिवलीचं सगळं शेवटी नाल्यातच जातं.

म्हणून मी आयनिक लिक्विड सोडून द्या म्हणणार नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या शेवरॉन रिफायनरीत पेट्रोलचा एक घटक बनवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरत. २०२१ पासून तिथे त्याच्या जागी आयनिक लिक्विड चालतं. माझ्या बाटलीतल्या मिठाने जे विष तयार केलं, तेच दुसऱ्या एका मिठाने तिथून हटवलं. दोन्हींचं आडनाव एकच. त्यामुळे आडनावावरून काही ठरत नाही.

मी विषय थोडा वळवला. वर्षभराचं काम बाजूला पडलं. मॅडम आधी नाराज होत्या, मग तयार झाल्या. आता मी कोलीन क्लोराइड आणि युरियावर काम करते. पहिलं कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, दुसरं शेतकऱ्याच्या घरी गोणीने असतं. एकटं कोलीन क्लोराइड सुमारे ३०२ अंशांवर वितळतं, युरिया १३३ वर. पण एकास दोन रेणू या प्रमाणात मिसळून गरम केलं, की १२ अंशांपर्यंत पातळ राहतं. लेस्टर विद्यापीठात अ‍ॅबट यांच्या गटाने हे २००३ मध्ये मांडलं. हे आयनिक लिक्विडचं चुलत भावंड. धुवायला एथिल अ‍ॅसिटेट लागत नाही. पण युरियाही साधुसंत नव्हे. तळ्यात जास्त गेला तर शेवाळं माजतं. त्यामुळे आता वहीत मी आणखी दोन रकाने आखलेत: कुठून आलं, कुठे जाणार. दुसरा बऱ्याचदा रिकामाच राहतो.

मागच्या रविवारी बाबांना दाखवायला एका छोट्या बाटलीत ते घेऊन आले. त्यांनी सवयीने बाटली लांब धरली, हाताने वारा नाकाकडे घेतला.

“काहीच नाही,” म्हणाले. मग रागावले. “आणि हे घरी कशाला आणलंस? पाण्यासारखं दिसतंय. कुणी प्यायलं तर?”

ते उठले, खणातून मार्कर काढला आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणी नाही.