गढीतली बाई

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भुतांचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक तरी स्टोरी असतेच. पुणेकर लगेच शनिवारवाड्यावर येतात. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांची हाक अजून ऐकू येते म्हणे! मग कुणीतरी २०१८चा 'तुंबाड' काढतं. कुणाला व्हिडिओ गेममधला धुक्यातला कॅसल आठवतो... उंच मनोरे, वटवाघळं, करकरणारा दरवाजा. या कॅसलचा जन्मही गमतीशीर आहे. होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७६४ मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' ही कादंबरी लिहिली आणि पडक्या किल्ल्यात भूत बसवायची फॅशन आली. म्हणजे नारायणरावांच्या फक्त नऊ वर्षं आधी!

माझी टर्न आली की मी म्हणते, आमच्याकडे घरचाच कॅसल आहे. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. सगळे हसतात. मग मी मोबाइलमधला फोटो दाखवते आणि हसू जरा कमी होतं.

मराठवाड्यात त्याला गढी म्हणतात. गावातल्या सगळ्यात उंच जागी चौकोनी तटबंदी, कोपऱ्यांवर बुरूज. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत. जाडी एवढी की आत खोली निघावी. एकच मोठा दरवाजा, त्याला माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. आत वाडा, विहीर आणि अंगणात पेव. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. लुटालूट झाली, वेढा पडला तरी आतल्या माणसांना काही महिने निभावता यावं, असा सगळा हिशोब.

आमच्या गढीत तीन पिढ्या कुणी राहिलेलं नाही. बाभळी उगवल्यात, दरवाज्याची एक फळी गेली आहे. आणि गावाच्या म्हणण्याप्रमाणे तिथे 'बाई' आहे. हिरवं नाही, लाल नाही, मळकं आलवण नेसलेली. रात्री कंदील घेऊन अंगणात येते आणि कंदिलासकट जमिनीत उतरते. गेल्या काही वर्षांत तिने नवीन उद्योग सुरू केला आहे. ती जमिनीखाली जातं ओढते. घरघर ऐकू येते, कधी भांडी वाजतात.

घरघर खरी आहे बरं का! वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे पेपरवाचकांना माहीत असेल. पांगरा शिंदे या गावाचं नाव तर त्यासाठीच कितीदा छापून आलंय. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून गेल्यावर हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६चा. १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५. छोटा भूकंप जमिनीत फार खोल नसला की त्याची कंपनं हवेत येऊन आवाजासारखी ऐकू येतात. १९९३ चं किल्लारी पाहिलेल्या पिढीला हे सायन्स सांगून झोप लागत नाही, ती गोष्ट वेगळी. दगड-मातीच्या भिंतींनी तेव्हा काय केलं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

तर, जुलैच्या त्या धक्क्यानंतर चुलतभावाचा फोन आला. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, स्पीकरवर.

"ताई, पूर्वेचा बुरूज कलला बघ. खालून शाळेची लेकरं जातेत. उतरवून घ्यावं लागतंय. तुझी सही पाहिजे."

माझी सही? मी त्या गढीत एक रात्रसुद्धा झोपलेले नाही. पण बाबा गेल्यावर वारसनोंद झाली आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. त्यामुळे आता माझ्याशिवाय बुरुजाचं पान हलत नाही.

"मग जेसीबी लाव ना," मी म्हटलं.

"सही तर दे. अन् मशीनवाला म्हणालाय, बुरूज पाडतो, पण पेवाकडं मशीन नेणार न्हाई. बाई हाय म्हणे तिथं."

बाईची भीती सगळ्यांना नाही. गढी म्हणजे गुप्तधन, असं मानणारेही आहेत. दोन वेळा रात्रीतून कुणीतरी अंगणात खड्डे खणून गेलं. शेजारी लिंबू, हळद-कुंकू. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा ठरले आहेत. आणि समजा सापडलंच काही, तर १८७८ चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन मिळालं तर कलेक्टरांना कळवा. दहा रुपये! कॅन्टीनचा कटिंग चहासुद्धा येत नाही.

कागद करायचे म्हणून मी परभणीला आत्याकडे गेले. आत्याचं वय ८३, वंशावळ तोंडपाठ. ती सांगत गेली, मी लॅपटॉपवर टाइप करत गेले. पणजोबा, त्यांची तीन मुलं, मग पुढचे फाटे. चहा आला तेव्हा मी सहज विचारलं, "आत्या, गढीत बाई आहे म्हणतात, ते कुठून आलं गं?"

"भूत कसलं डोंबलाचं," आत्या म्हणाली. "आपली अक्का होती ती."

अक्का म्हणजे पणजोबांची मुलगी. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा, परत माहेरी. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य पाच दिवसांत संपलं. १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, १९५० ला कुळकायदा आला. एकेका गढीचा दिमाख उतरला. आमच्या घराने पोरांच्या शिक्षणासाठी परभणीत बिऱ्हाड केलं. जमीन कुळांकडे गेली, राहिली ती बटईने दिली. मग गढीचं काय? रिकामी ठेवली तर कुणीही ताबा घेईल. बटईची ज्वारी कोण मोजून घेणार? घरातल्या पुरुषांनी ठरवलं, अक्का राहील.

अक्काला कुणी विचारलं का, असं मी विचारलं. आत्याने माझ्याकडे फक्त बघितलं.

ती तिथे एकटी वीस-बावीस वर्षं राहिली. आत्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत जायची. पेव उघडायचं म्हटलं की अक्का आधी कंदील दोरीला बांधून आत सोडायची. तो जळत राहिला तरच गडी खाली उतरायचा. कारण बंद पेवात धान्यसुद्धा श्वास घेतं. आतला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि घाईने उतरलेला माणूस तिथेच आडवा होतो. कंदील विझला तर पेव रात्रभर उघडं टाकायचं आणि पुन्हा कंदील सोडून बघायचा. उन्हाच्या आधी काम उरकायचं म्हणून हे सगळं अंधार असतानाच.

बाहेरून दिंडीतून बघणाऱ्याला काय दिसत असेल, सांगा बरं? आलवणातली एक बाई आणि जमिनीत उतरत जाणारा उजेड.

"मग कुणी गावाला सांगितलं नाही, की बाबांनो ही आमची अक्का आहे?"

"गावाला ठाऊक नव्हतं होय? म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पोरंटोरं भ्यायची. अन् भ्यायची ते बरंच होतं की, चोऱ्या नव्हत्या होत," आत्या म्हणाली. "आमचे दादा म्हणायचे, राखणीला कुत्रं नको, अक्का हाय."

१९७२ च्या दुष्काळात पेव रिकामं झालं. त्याच वर्षी अक्का गेली. गढीला कुलूप लागलं, पण कंदिलाची गोष्ट चालूच राहिली. भिंती राखायला माणूस उरला नाही, गोष्ट उरली. ती आमच्या घराच्या सोयीची होती, म्हणून कुणी खोडली नाही.

मी लॅपटॉपवरची वंशावळ परत बघितली. पणजोबांना तीन मुलं. मुलगी नाहीच! "अक्काचं नाव सांग," मी म्हटलं. आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अक्काच म्हणायचो गं आम्ही."

शेवटी नाव सापडलं ते स्वयंपाकघराच्या माळ्यावर. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ना, तसं एका पितळी घागरीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. लग्नात मिळालेली घागर, तिच्याबरोबर माहेरी परत आलेली. नाव इथे लिहीत नाही. वीस वर्षं तिला गावाने नुसतं बघितलं, आता मॅगझिनमध्येही बघायला नको. वंशावळीत मात्र लिहिलं, पणजोबांच्या खाली, तिन्ही भावांच्या ओळीत. कागद करणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मयत, वारस नाही, मिळकतीशी संबंध नाही. घ्यायची गरज नाही." मी म्हटलं, "संबंध सगळ्यात जास्त तिचाच आहे. घ्या."

बुरुजाला सही केली. लेकरांच्या डोक्यावर तो ठेवण्यात काही अर्थ नव्हता. उतरवलेली माती गावाने ट्रॉल्या भरभरून शेतात नेली. गावात वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. आमची पांढरी काळीत गेली. पेव मात्र तसंच आहे. भावाने त्यावर जाड फरशी बसवून घेतली, म्हणजे कुणाचं पोर आत पडायला नको.

घरघर अजून येते. भाऊ सांगत होता, शाळेतली पोरं एकमेकांना म्हणतात, बाई दळायला बसली. मी त्याला म्हटलं, त्यांना एवढंच सांग की बाईला नाव होतं आणि तिला ज्वारी मापता यायची.

तुमच्याही गावाकडे अशी एखादी पडकी गढी किंवा वाडा असेल, आणि त्यात कुणीतरी 'असेल'. पुढच्या सुट्टीत सेल्फी काढाच. पण घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून एक प्रश्नही विचारा: तिथे शेवटी कोण राहत होतं? आणि जमलं तर माळ्यावरची भांडी खाली काढा.