मुनाजरा आणि मुकालमा

उर्दूत दोन शब्द आहेत, मुनाजरा आणि मुकालमा. मराठीत दोन्हींना 'चर्चा' म्हणून आपण मोकळे होतो. पण मुनाजऱ्यात कोणीतरी जिंकावे लागते आणि कोणीतरी हरावे लागते. मुकालम्यात दोघांनी बोलावे, दोघांनी ऐकावे एवढीच अपेक्षा असते.

आपल्या समाजाच्या आठवणीत मुनाजरा पक्का बसला आहे. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा जाहीर मुनाजरा झाला. मौलानांच्या मदतीला डॉ. वजीर खान होते. युरोपातल्या अभ्यासकांनी बायबलची चिकित्सा करून लिहिलेले ग्रंथ त्यांच्याजवळ होते. पाद्रीसाहेबांपुढे त्यांच्याच मुलखातले आक्षेप ठेवले गेले. दोन दिवसांत सभा आटोपली. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो. पण हे आक्षेप ज्या समाजात जन्मले, त्या समाजाने आपल्या आक्षेपकांना कसे वागवले, हे आपण सहसा विचारत नाही.

सुरुवातीला वाईटच वागवले. बर्ट्रांड रसेल यांनी आपण ख्रिस्ती का नाही, हे १९२७ साली लंडनच्या एका व्याख्यानात सांगितले. १९४० साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा तिथल्या बिशपांनी विरोधाचे रान उठवले. प्रकरण कोर्टात गेले आणि नेमणूक रद्द झाली.

पण २८ जानेवारी १९४८ रोजी याच रसेल यांच्यासमोर बीबीसीच्या रेडिओवर फादर फ्रेडरिक कोपलस्टन हे जेझुइट पाद्री बसले. विषय होता, ईश्वर आहे की नाही. कोपलस्टन यांनी आधी ईश्वर या शब्दाचा अर्थ काय धरायचा, ते ठरवून घेतले. मग विचारले, ईश्वर नाही असे सिद्ध करता येते, असे तुमचे म्हणणे आहे, की त्याबद्दल खात्रीने सांगता येत नाही, असे? रसेल यांनी दुसरी बाजू घेतली. म्हणजे समोरच्याचे नेमके म्हणणे त्याच्याच तोंडून कळल्यावर वादाला सुरुवात झाली.

जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, तर या साऱ्याला एक अखेरचे कारण हवे, असा पाद्रींचा मुद्दा. रसेल यांचे उत्तर असे की, प्रत्येक माणसाला आई असते म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई आहे असे ठरत नाही. पटावर बसायलाच नकार दिला तर मात होण्याचा प्रश्नच उरत नाही, असा टोला पाद्रींनी हाणला. पण कोणाचा आवाज चढला नाही. कोणी कोणाला आपल्या बाजूला वळवलेही नाही. पुढे कोपलस्टन यांच्या तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा आठवा खंड १९६६ साली आला, त्याच्या नावातच रसेल आहेत. ज्यांच्याशी वाद घातला, त्यांचे विचार समजावून देण्यासाठी या पाद्रींनी तीन प्रकरणे खर्ची घातली.

रेडिओवरच्या या वादानंतर पाचच दिवसांनी, २ फेब्रुवारी १९४८ रोजी, ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबची सभा झाली. ख्रिस्ती आणि शंकेखोर यांनी एकमेकांसमोर बसून बोलावे, यासाठीच हा क्लब निघाला होता. एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. अध्यक्ष होते श्रद्धेच्या बाजूने लिहिणारे सी. एस. लुईस. त्या दिवशी एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या तरुण विदुषीने त्यांच्याच पुस्तकातल्या एका युक्तिवादाची चूक दाखवली, आणि त्या स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होत्या. लुईस यांनी १९६० च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिले. या फेरलेखनात लुईस यांचा प्रामाणिकपणा दिसतो, असे पुढे अ‍ॅन्स्कम यांनीच नमूद केले.

या दोन तारखांच्या मध्ये ३० जानेवारी येते. त्या दिवशी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडणारा माणूस पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा संपादक होता. शब्द हाताशी असूनही त्याने पिस्तूल उचलले. त्याच पुण्यात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. आणि हे फक्त दुसऱ्यांच्या घरात घडते असे समजून आपल्याला सुटता येणार नाही. २०१७ साली कोइमतूरमध्ये मुस्लिम घरातल्या एका नास्तिक तरुणाला मारले गेले, तेव्हा मारेकरी आपल्यातलेच निघाले. हमीद दलवाईंना जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. त्यांच्याशी सहमत होणे सक्तीचे नव्हते. पण त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून मग मुद्देसूद उत्तर देणारे आपल्यात किती निघाले?

आम्ही उर्दू शाळांतून शिकवणारी माणसे आहोत. आठवी-नववीची मुले विचारतात, "सर, सगळं अल्लाहने बनवलं, तर अल्लाहला कोणी बनवलं?" हा प्रश्न ऐकून 'तौबा कर' म्हणणे सोपे असते. पण रसेल आणि कोपलस्टन ज्यावर बोलले, तोच हा प्रश्न आहे. आपल्या इल्मे-कलामच्या विद्वानांनीही तो टाळला नव्हता. मुलाला गप्प केले, तरी प्रश्न गप्प बसत नाही. तो हातातल्या मोबाइलवर जातो, आणि तिथे उत्तर देणाऱ्याला ना आपल्या दीनची माया असते, ना त्या मुलाची.

कुरआनने सूरह नहलमध्ये वाद घालायचा तर उत्तम रीतीने घाला, असे फर्मावले आहे. उत्तम रीत म्हणजे काय, हे ठरवायला एक साधी कसोटी पुरेल. समोरच्याचे म्हणणे आपण आपल्या शब्दांत सांगावे आणि त्याने म्हणावे, "हो, मला हेच म्हणायचे आहे." त्यानंतरच आपण उत्तराला तोंड उघडावे.

आपल्या संमेलनांनी आणि वार्षिकांनी एवढे करून पाहावे. आपल्यातल्या एखाद्या शंका घेणाऱ्याला चार पाने द्यावीत, त्याला उत्तर देणाऱ्या आलिमांनाही चार पाने द्यावीत, आणि दोन्ही लेख शेजारी शेजारी छापावेत. जीत-हार कोणाची झाली, ते लिहू नये. वाचणारी पोरे आपली आहेत, त्यांना वाचू द्यावे.