बादल्यांचा तक्ता

मार्च २०२४. बेंगळुरूत ठिकठिकाणी बोअर आटले होते. दुसरीच्या वर्गात ‘पाणी’ शिकवताना मी मुलांना सांगितलं, घरी दिवसाला किती बादल्या लागतात ते मोजून आणा. फळ्यावर तक्ता भरू लागला: वीस, पंधरा, तीस. एक मुलगी म्हणाली, “चार. माणसं पाच.” वर्ग हसला. मोजमाप शिकवायच्या नादात आपण कुणाचं घर उघडं करतोय, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

घाईनं विषय बदलला. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, पंपांनी पाचशे मीटर वर चढवून शहरात आणतात, असं सांगितलं. तीच मुलगी म्हणाली, “मिस, आमच्या तिसऱ्या मजल्यावर अम्माच चढवते.”