डिप्रेशन? ते उपसागरातलं?

‘दहा शब्द दे. सोपे नकोत, जरा हटके. मीटिंगमध्ये, पार्टीत, डेटवर टाकता आले पाहिजेत.’ मागच्या वर्षी एका संपादकबाईंनी फोनवर दिलेलं हे काम. विषय : मनाबद्दल बोलायचं ॲडव्हान्स्ड इंग्लिश. फ्रीलान्सरला ‘नाही’ म्हणायची चैन परवडत नाही. शिवाय मास कॉमला असताना सायकॉलॉजीच्या पेपरात मला बरे मार्क होते, त्यामुळे आपला फंडा एकदम क्लिअर आहे अशी माझी समजूत. म्हटलं, दोन दिवसांत उडवू.

मटेरियल तर आजूबाजूला सांडलेलंच होतं. मी ज्या को-वर्किंग ऑफिसात बसते तिथे पेनं ओळीत लावणारी मुलगी ‘ओसीडी’ असते. सकाळी हसून दुपारी ओरडणारा बॉस ‘बायपोलर’. एक्स हा कायमच ‘टॉक्सिक’, एचआरचा मेल ‘ट्रिगर’ आणि सोमवार उजाडला की अख्ख्या फ्लोअरला ‘डिप्रेशन’. तुमच्याकडेही यापेक्षा वेगळं नसेल.

यातले काही शब्द मला मनापासून आवडतात, खोटं कशाला बोलू? ‘गॅसलायटिंग’च घ्या. पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं नाटक, ‘गॅस लाइट’. नवरा बायकोला पद्धतशीरपणे पटवत राहतो की तिचंच डोकं ठिकाणावर नाही. घरातले गॅसचे दिवे मंद होतात, ते तिला दिसतं, आणि कुणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. १९४४ च्या सिनेमासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. २०२२ मध्ये मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीने हा ‘वर्षाचा शब्द’ ठरवला, तोवर ‘मी डबा आणते म्हणाले नव्हते’ एवढ्या वाक्यालाही आपण गॅसलायटिंग म्हणायला लागलो होतो. ‘बर्नआउट’ची तीच गत. अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो मांडला, तो क्लिनिकमध्ये राबून राबून राख झालेल्या लोकांबद्दल. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणते. आमच्याकडे दोन प्रेझेंटेशनं लागोपाठ आली की बर्नआउट.

आणि ओसीडी! याला मराठीत चक्क जुना शब्द आहे, मंत्रचळ. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. हात धुऊन धुऊन त्यांच्या बोटांची सालं निघायची, तरी त्या पुन्हा मोरीकडे वळायच्या. आजी हळू आवाजात म्हणायची, ‘मंत्रचळ लागलाय बिचारीला.’ ‘आय ॲम सो ओसीडी’ म्हणून मिरवता येतं. ‘मला ना, थोडासा मंत्रचळ आहे’ असं कॉफीच्या टेबलावर कुणी म्हणून दाखवावं.

असे सहा-सात शब्द झाले आणि उरलेले उरकायला मी शनिवारी पुण्याला दादाकडे गेले. दादा बत्तीस वर्षांचा, आयटीत, हिंजवडीला. आमचा दर रविवारी फोन असतो. दोनएक महिने तो फोनवर ‘थोडं डिप्रेशन आलंय यार’ म्हणत होता. मी काय म्हणायचे? ‘कुणाला नाहीये, बॉस!’ आणि पुढचा विषय.

तर दादाच्या हॉलमध्ये मी लॅपटॉप उघडून बसले होते. शब्द नंबर सात : ‘ॲनहेडोनिया’. एकेकाळी ज्यात आनंद मिळायचा त्यात तो न मिळणं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याने १८९६ मध्ये ग्रीक शब्दांवरून घडवलेला. एकदम भारी, डेटवर टाकण्याजोगा. समोर सोफ्यावर दादा बसला होता. टीव्हीवर भारताची मॅच होती आणि आवाज बंद होता. खाली जाऊन दूध आणायचं म्हणून त्याने बूट घातले होते, एकच. दुसरा हातात धरून तो किती वेळ बसला होता कोण जाणे.

‘मिसळ खायला जाऊ या?’ मी विचारलं.

‘चवच लागत नाही गं,’ तो म्हणाला. ‘कशातच मन लागत नाही.’

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. मागच्या रविवारी ऐकलं होतं, त्याच्या मागच्याही. ‘कशातच मन लागत नाही’ म्हणजे आपल्याकडे कंटाळा, म्हणजे लग्नाचं बघा, म्हणजे ट्रेकला जाऊन ये. स्क्रीनवर त्याच वाक्याचं ग्रीक रूप होतं आणि कर्सर शेजारी लुकलुकत होता. इंग्रजीत बोलला तेव्हा मी ऐकलं नाही कारण सगळेच तसं बोलतात. मराठीत बोलला तेव्हा ऐकलं नाही कारण तो मला ‘शब्द’च वाटला नव्हता. लॅपटॉप मिटवला तेव्हा माझे हात गार पडले होते.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. साधं क्लिनिक, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टर पन्नाशीच्या, सायकिॲट्रिस्ट. माझ्या यादीतला एकही शब्द त्यांनी वापरला नाही. झोप किती वाजता उडते? (पहाटे तीनला, रोज.) जेवण? अंघोळीचा कंटाळा येतो का? वाचलेलं डोक्यात राहतं का? आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटतं का? हे सगळं किती दिवस चाललंय? दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर त्या ते गंभीरपणे घेतात, असं नंतर मला कळलं. मग त्याच आवाजात, जेवणाबद्दल विचारलं तसंच, त्यांनी विचारलं, ‘जगू नये असं येतं का मनात?’

दादा जमिनीकडे बघत ‘हो’ म्हणाला.

याला इंग्रजीत ‘सुइसायडल आयडिएशन’ म्हणतात. माझ्या यादीत तो नववा होता. तो उच्चारायला जड नाही. पण ‘जगू नये असं वाटतं का’ हे आपल्या सख्ख्या भावाला विचारायचं धाडस मला सात जन्मांत झालं नसतं. नंतर मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलंसुद्धा, असं थेट विचारल्याने उलट डोक्यात येत नाही का? त्या म्हणाल्या, ‘नाही. असतं ते आधीच. विचारल्यावर माणसाला सांगता येतं.’ कागदावर त्यांनी गोळ्या लिहिल्या. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर सोडायच्या नाहीत. घरात एकटं ठेवायचं नाही, गोळ्या घरच्यांनी आपल्या हाताने द्यायच्या. रात्री-अपरात्री गरज पडली तर १४४१६, टेली-मानस. मराठीत बोलतात.

आता खरा पेपर. साताऱ्याला घरी सांगायचं. आई चार वर्षांपूर्वी गेली. बाबा एकटे असतात. मी फोन लावला.

‘बाबा, दादाला डिप्रेशन आहे.’

बराच वेळ काही नाही. मग : ‘डिप्रेशन? ते उपसागरातलं?’

ते चेष्टा करत नव्हते. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, पाऊस मोजण्यात गेली. डिप्रेशन हा शब्द त्यांनी आयुष्यभर फक्त हवामानाच्या बातमीत ऐकलेला. मी मराठी काढलं, ‘नैराश्य, बाबा.’ तर म्हणाले, ‘निराश व्हायला काय झालं? नोकरी आहे, फ्लॅट आहे, पोरीनं नकार दिला का?’ बघा, आपला हा पुस्तकी शब्दच कारण मागतो. निराशा म्हटली की कशाची, हे आलंच. दादाकडे ‘कशाची’ला उत्तर नव्हतं.

मी थकले होते. म्हटलं, ‘हो बाबा. उपसागरातलंच धरा. आत दाब कमी झालाय.’

‘नुसता कमी दाब, का डिप्रेशन, का डीप डिप्रेशन?’

आमच्या घरात हे भाषण नेहमीचं. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरला पोचला की हवामान खातं डिप्रेशन म्हणतं, पन्नासला डीप, बासष्टपासून चक्रीवादळ. मी म्हटलं, ‘डीप. वादळ नाही अजून, पण लक्ष ठेवायला सांगितलंय.’ ‘येतो,’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने स्वारगेटला उतरले. बंगालच्या उपसागराला ‘जरा पॉझिटिव्ह विचार कर’ असं कुणी सांगत नाही, त्यामुळे त्यांनी दादालाही ते सांगितलं नाही. नातेवाइकांनी सांगितलं. पण ते एक वेगळंच प्रकरण आहे.

दादाची झोप, जेवण, मूड रोज लिहून ठेवा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी ॲप शोधत बसले. बाबांनी दुकानातून लांब रजिस्टर आणलं आणि पट्टीने रेघा मारल्या. तारीख, झोप (तास), जेवण, मन (० ते १०), शेरा. वेळ सकाळी साडेआठ, कारण देशभर पावसाचं रीडिंग साडेआठलाच घेतात. दादा पहिल्या दिवशी वैतागला. ‘बाबा, काय सांगू आकडा?’ बाबा म्हणाले, ‘आहे तो सांग. शून्य असलं तर शून्य. कोरडा दिवसही लिहावा लागतो.’

पहिले अठरा दिवस एक, दोन, एक, एक, दोन. मी रोज तो कागद बघून हबकायचे. मधेच एकदा चार आला, मी लगेच ‘बघा, सुधारतोय!’ बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. अडीच मिलिमीटर झाल्याशिवाय तो पावसाचा दिवस धरत नाहीत, आणि एक दिवस पडला म्हणून मान्सून आला असं कुणी जाहीर करत नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत एक.

लेख मी पंधरा दिवस उशिरा दिला. दहाऐवजी सात शब्द. ॲनहेडोनिया काढून टाकला होता. संपादकबाई नाराज झाल्या, ‘तोच तर कूल होता,’ म्हणाल्या. असेल.

दादाच्या गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर म्हणतील तोवर राहतील. बाबा तीन महिने राहिले. जायच्या आदल्या रविवारी आम्ही तिघं मिसळ खायला गेलो. दादाने दोन घास खाल्ले, पाव बाजूला ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून वेटरला हाक मारली. ‘अरे, तर्री कुठाय यात? पाणी घातलंय नुसतं.’

वेटर तर्री आणायला गेला. बाबांनी खिशातून पेन काढलं, मग रजिस्टर घरी राहिलंय हे आठवून पेपर नॅपकिनवर काहीतरी लिहून घेतलं.