कॅसेटीतलं गाव

आमच्या घरच्या व्हिडिओ कॅसेटींमध्ये एक आत्याच्या लग्नाची आहे. लग्न १९८९ सालचं, वर्धा नदीकाठच्या आमच्या जुन्या गावातलं. पुढे सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण झालं, १९९३ साली ते पूर्ण झालं आणि गाव पाण्यात गेलं. आम्ही मोर्शीला राहायला आलो. जुन्या गावाचे फोटो आमच्याकडे अगदी थोडे आहेत. कॅसेटीत मात्र घर आहे, ओसरी आहे, मारुतीच्या पारापाशी थांबलेली वरात आहे आणि मांडवाच्या तोंडाशी उभे राहून पाहुण्यांना नावानं हाका मारणारे आबाजी आहेत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात ही कॅसेट कम्प्युटरमध्ये घ्यायचं ठरलं. बाबांनी एकच अट घातली. "सारखी सारखी लावून पाहू नोको. घासते ते." त्यांचं म्हणणं खरं होतं. व्हीएचएसची फीत दर वेळी फिरत्या हेडवरून घासूनच जाते, आणि आमची कॅसेट आधीच नातेवाइकांच्या घरोघर फिरून आलेली होती. म्हणजे कॅसेट कम्प्युटरमध्ये उतरवायला जे टीव्ही ट्यूनर कार्ड घ्यायचं, ते पहिल्याच खेपेला चित्र नीट उतरवून घेणारं हवं होतं.

अमरावतीला राजकमल चौकाच्या आसपास चौकशी केली. टीव्ही ट्यूनर मागितला की दुकानदार आधी एक डबी पुढे ठेवायचा. "भाऊ, याच्यात रिमोट भेटते, कम्प्युटर बंद असला तरी टीव्ही चालते." तेच तर नको होतं. ती डबी मॉनिटरला लागते. तिच्यातलं चित्र थेट पडद्यावर जातं, कम्प्युटरच्या आत काहीच जात नाही, मग रेकॉर्ड काय होणार? टीव्ही पाहणाऱ्याला ती वस्तू चांगलीच आहे, पण कॅसेटीसाठी तिचा काही उपयोग नाही. खोक्यावर मात्र या डबीचं आणि आत बसणाऱ्या कार्डाचं नाव सारखंच असतं.

दुसरा प्रकार आतल्या पीसीआय खाचेत बसणाऱ्या कार्डाचा. चॅनेल किती दिसतात, एफएम आहे का, रिमोट कसा आहे, हे दुकानात सगळे सांगतात. कॅसेटीसाठी त्यातलं काहीही कामाचं नाही, कारण कॅसेट चालवणाऱ्या डेकमधून येणारं चित्र ट्यूनरमधून जातच नाही. ते पिवळ्या पिनेतून थेट आत जातं. म्हणून मी कार्ड हातात घेऊन त्यावरची मोठी चिप वाचायला लागलो. फिलिप्सच्या एसएए ७१३० आणि एसएए ७१३४ या दोन चिपांची कार्डं तेव्हा बरीच यायची. आकडा एवढासाच बदलतो, पण ७१३० आवाज स्वतः डिजिटल करत नाही. तो वेगळ्या वायरीनं साउंड कार्डात न्यावा लागतो. मग चित्र एका घड्याळावर आणि आवाज दुसऱ्या घड्याळावर चालतो, आणि लांब कॅसेटीत ओठ आणि शब्द एकमेकांना सोडून जाऊ शकतात. ७१३४ चित्राबरोबर आवाजही स्वतःच घेते. आबाजींच्या हाकांसाठी मला तीच हवी होती.

एस-व्हिडिओच्या गोल सॉकेटसाठी जास्तीचे पैसे मागत होते. त्यात रंग आणि उजेड वेगवेगळ्या तारांतून येतात, चित्र स्वच्छ मिळतं, हे खरं. पण डेकलाही तसंच सॉकेट पाहिजे. आमच्या डेकला, घरोघरच्या बहुतेक व्हीएचएस डेकांप्रमाणे, पिवळी पिनच होती. त्या सॉकेटचे पैसे मी वाचवले. स्वतःच एमपेग-२ करून देणारं महागडं कार्डही असतं. कम्प्युटर अगदी जुना असेल तर ते घेणं शहाणपणाचं. आमचा पेंटियम ४ बऱ्यापैकी चालत होता. यूएसबीच्या स्वस्त डबीत आत कोणती चिप आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून तीही सोडली.

७१३४ चं कार्ड शेवटी नागपूरला सीताबर्डीत मिळालं.

खरी परीक्षा पुढे होती. फितीवरून येणारं चित्र घड्याळासारखं नेमकं नसतं. फीत ताणलेली असते, डेकचा वेग किंचित हलतो, आणि प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे पोचते. जुना काचेचा टीव्ही ते सांभाळून घेतो. कार्डाला मात्र सेकंदाला २५ चित्रं नेमकी मोजायची असतात. एखादं आलं नाही की ते गळतं. व्हर्च्युअलडब नावाचं फुकट सॉफ्टवेअर गळलेल्या चित्रांचा आकडा समोरच दाखवतं. म्हणून पहिली धाव आत्याच्या लग्नाला नव्हे, टीव्हीवरून भरलेल्या एका सिनेमाच्या कॅसेटीला दिली. सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी होतं, ते पाल केलं, ७२० बाय ५७६. अँटिव्हायरस बंद केला. गळती शून्यावर आली, तेव्हाच लग्नाची कॅसेट डेकमध्ये गेली.

भारनियमन होतंच. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक पाहून, वीज आल्या आल्या रेकॉर्डिंग सुरू करायचं, आणि डेक आणि कम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर. मधेच वीज गेली तर फीत पुन्हा फिरवावी लागली असती. हफवाययूव्ही कोडेकमध्ये काहीच न गमावता घेतलं तर तासाला तीसेक जीबी लागतात, आणि आमची डिस्क ८० जीबीची. इतर सगळं पुसून जागा केली. घरात कुरकुर झाली, पण माझं मत आजही तेच आहे: आधी पूर्ण उतरवून घ्यावं, डीव्हीडीसाठी लहान नंतर करता येतं.

चित्राच्या तळाशी एक थरथरती पट्टी दिसली. कार्ड बिघडलंय असं घरच्यांना वाटलं. ती प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते. डेक एका हेडवरून दुसऱ्यावर जातो त्याची ती खूण. टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जाते, एवढंच. ती काळी करून टाकली.

डीव्हीडी झाल्यावर आत्या मोर्शीला आल्या. वही घेऊन बसलो. वरातीतलं कोण कोणाचं, मागचं घर कोणाचं, पाराच्या डाव्या हाताची विहीर कोणाची, हे त्या थांबवून थांबवून सांगत गेल्या. अर्ध्याहून जास्त नावं मला नवी होती. आबाजींनी हाक मारलेल्या माणसांपैकी बरेच जण धरणानंतर वरुडकडे, चांदूर बाजारकडे पांगले होते. त्यांच्या मुलांपर्यंत त्या डीव्हीड्या पोचवल्या, आणि उलट त्यांच्याकडच्या कॅसेटी आमच्याकडे येऊ लागल्या.

अशी जुनी कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून आत पाहावं, फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही. तशा कॅसेटी वेगळ्या ठेवल्यात, साफ करून मगच लावतो.

आता नव्या कम्प्युटरात पीसीआयची खाच नसते, पण कार्डाची अडचण नाही. अडचण डेकची आहे. जपानची फुनाई कंपनी व्हीसीआर बनवणारी शेवटची; तिनंही जुलै २०१६ मध्ये काम थांबवलं. धरणात गेलेल्या गावांतल्या ज्या कोणाकडे अजून कॅसेटी असतील, त्यांनी त्या पेटीतून काढून आणाव्यात. आमच्या डेकचे रबरपट्टे बदललेले आहेत, जुना पेंटियम त्याच कार्डासकट चालू आहे.